उपासात कोकरू भाजणारी ब्रिगेड

लेफ्कोपोरो,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

प्रिय अनेस्तिस,

शनिवार, १२ ऑक्टोबर, संध्याकाळचे सात वाजून पस्तीस मिनिटं. वेळ माझ्या पक्की लक्षात आहे, कारण नगरभवनातलं मोठं घड्याळ नेमकं व्यासपीठाच्या वर आहे आणि तू बोलायला लागलास की माझी नजर आपोआप त्याच्याकडे जाते. त्या मिनिटाला तू, माझ्या या दोन हातांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर काढलेला माझा धर्मपुत्र, निवृत्त कर्नल आणि आता ब्रिगेडचा इतिहासकार, चष्मा सावरून भरल्या सभागृहात वाचलंस: ‘२३ एप्रिल १९५६ रोजी, संत जॉर्जच्या सणाच्या दिवशी, छावणीत कोकरं भाजली जात असताना नदीला पूर आला. लेफ्टनंट क्लेओमेनिस यांनी प्रसंगावधान राखून वरचा बांध फोडला आणि खालची वस्ती वाचवली. गावात याचं श्रेय कॉर्पोरल झाफिरिस यांना दिलं जातं. मात्र ते त्या दिवशी रजेवर होते, अशी नोंद सापडते. तेव्हा ही गावाने प्रेमाने रचलेली दंतकथा समजावी.’ आणि मग तू मान वर करून हसलास. ते ब्रसेल्सहून आणलेलं हसू. मागच्या रांगेतून औषधवाला खिदळला. कॉर्पोरल झाफिरिस, म्हणजे माझा सख्खा भाऊ, वय वर्षं चौऱ्यांशी, तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसला होता. निळा टाय बांधून आला होता. तुझं वाचन आहे म्हणून.

मी तेव्हाच उभी राहणार होते. त्याने माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. म्हणून काल सकाळी, चर्चमधून आल्या आल्या, डोक्यावरचा रुमालही न काढता मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. "नोना," धर्ममातेला म्हणतात तसं गोड, "तुम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होतात." बरं. "नोना, प्रेम वेगळं आणि इतिहास वेगळा." बरं. "पुस्तक छापखान्यात गेलंय, अठ्ठावीसला संचलनानंतर वाटायचंय. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर लेखी द्या." हे घे. तुला शाळेत चार वर्षं फ्रेंच मी शिकवलं, तेव्हा मी लेखी काय देऊ शकते हे तुला ठाऊक असायला हवं होतं.

आधी चांगलं सांगते, कारण मी कडवट असले तरी खोटी नाही. तुझं पुस्तक सुंदर आहे. तू मला टंकलेली प्रत दिलीस ती मी दोन बैठकांत वाचली, दुसऱ्या बैठकीत चुलीवरची घेवड्याची डाळ करपली. पूर्वेकडून बैलगाड्या हाकत आलेल्या निर्वासितांच्या पोरांना बूट देऊन सरकारने आपली ब्रिगेड कशी उभी केली, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी ते बूट घरी म्हाताऱ्या बापांना कसे पाठवून दिले आणि स्वतः चिंध्या गुंडाळून कवायत केली, ते प्रकरण वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझा बाप त्या पोरांतला होता, पण तू त्याचं नाव न घेताही मला तो दिसला. आल्बेनियाच्या बर्फातलं प्रकरण तर तुझ्या शिक्षकांना, म्हणजे मला, अभिमान वाटावा असं आहे. एक्केचाळीस साली सगळं कोसळलं, ब्रिगेड मोडली, आणि तो खेचरवाला सगळा देश पायी तुडवत आपलं खेचर घेऊन घरी आला आणि जर्मनांच्या भीतीने त्याला स्वयंपाकघरात बांधलं! मी एकटीच मोठ्याने हसले. मग युद्धानंतर तंबूंमध्ये पुन्हा उभी राहिलेली ब्रिगेड, सरहद्दीच्या नदीवरचा पहारा, चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात, युद्ध पेटणार म्हणून, सगळ्या गावाने रस्त्यावर उभं राहून रणगाड्यांवरच्या पोरांच्या हातात पाव कोंबले ते सगळं. मीही कोंबले होते. एकाने मला ओरडून विचारलं, "बाई, चीज नाही का?" मी म्हटलं, "आधी परत ये, मग देते." आता तीच ब्रिगेड एक बटालियन होऊन उरणार, छावणीच्या फाटकावरचा तिचा आकडा खरवडून काढणार. म्हणून तर या पुस्तकाची एवढी किंमत. यापुढे ब्रिगेड म्हणजे तू लिहिलंयस तेवढीच. तू ज्याला आत घेशील तो तिच्यात होता, आणि ज्याला बाहेर ठेवशील तो कधी नव्हताच.

आणि एवढं सगळं लिहिणाऱ्या माणसाने पान एकशे बारावर ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात कोकरू भाजलं!

अनेस्तिस, पोरा, तू जरा शांत बस आणि विचार कर. १९५६ साली ईस्टर कधी होता? सहा मे. पंचांग घरात नसेल तर पाद्रीबाबांना विचार, ते तुला हसतील, पण सांगतील. म्हणजे २३ एप्रिलला उपास चालू होता, अजून ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवारही यायचा होता. त्या आठवड्यात या गावात कुणाच्या घरी अंडं फुटलं नव्हतं, आणि तू म्हणतोस छावणीत कोकरं भाजली जात होती? सगळ्या ब्रिगेडसमोर? पाद्रीबाबा हजर असताना? त्या सकाळी ब्रिगेडच्या कढईत घेवडा होता, ऑलिव्ह होते आणि तिळाचा हलवा होता, आणि ज्या स्वयंपाक्याने त्यात चरबी घातली असती त्याला पोरांनीच नदीत फेकला असता. संत जॉर्जचा दिवस उपासात आला की तो ईस्टरच्या दुसऱ्या दिवसावर जातो. त्या सोमवारी, उपास सुटल्यावर, त्याचा सण होतो. पायदळाचा संत तो, त्याला काय उकडलेला घेवडा खाऊ घालायचा? हे शेंबड्या पोरांना कळतं. तुला कळलं नाही, कारण तू सात वर्षं ब्रसेल्समध्ये राहिलास, जिथे कॅथलिकांचा जॉर्ज दर साली २३ तारखेलाच ठोकून बसवलेला असतो. आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तुझं नाव अनेस्तिस आहे, म्हणजे ‘पुन्हा उठलेला’. तुझा स्वतःचा नामदिन, तुझ्या नावाचा सण, ईस्टरचा. साठ वर्षं तुझा नामदिन ईस्टरमागे धावतोय, दर साली वेगळ्या तारखेला मी तुला मिठाई पाठवते, आणि तू विसरलास की या देशात संतसुद्धा ईस्टरची वाट बघतात! ते नाव मी निवडलं होतं. तुझ्या आजोबांना थेमिस्तोक्लिस हवं होतं. आता वाटतं, ठेवू द्यायला हवं होतं.

तर पूर १९५६ च्या संत जॉर्जला आला, म्हणजे सोमवार, ७ मे. तुझ्या हातात जो लष्करी अहवाल आहे त्यात तारीख नाही, ‘संत जॉर्जच्या दिवशी’ एवढंच आहे. हो की नाही? मी पैज लावते. तेव्हाचे लोक असंच लिहायचे, त्यांना वाटलं नव्हतं की पुढे कुणाला हे समजावून सांगावं लागेल. तू तिथे आपल्या मनाने २३ एप्रिल लिहिलंस. मग रजेच्या नोंदी काढल्यास, २३ एप्रिलला झाफिरिस रजेवर. आणि झालं, कॉर्पोरल खोटारडा.

आता ऐक. तो रजेवर होताच. अगदी बरोबर नोंद आहे. तो कुठे होता ते मी सांगते. तो सालोनिकात फ्रेंच सिस्टरांच्या शाळेत, माझ्या खाटेशेजारी, एका लहानशा खुर्चीवर बसला होता.

मी तिथे राहून शिकत होते, आणि माझं अपेंडिक्स कापलं होतं. शाळेच्या दवाखान्यात मी पडून होते, आणि मदर सुपीरियरने घरी तार केली होती. बाप गुरांमागे, आई नदीपलीकडून गोळीबार झाल्यापासून घराबाहेरच पडत नव्हती, तेव्हा ब्रिगेडने झाफिरिसला रजा दिली. गाडीत दीड दिवस बसून तो आला, ब्रिगेडचे ते बूट घालून. सिस्टर मार्त दारातच आडव्या. "मुस्यू, या लाद्या आज पुसल्यात." त्याला फ्रेंच शून्य. तो मला मोठ्याने विचारतो, "आन्थी, ही बाई मला अटक करतेय का?" शेवटी त्याने बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर आत आला, आणि त्या मोज्यांना अंगठ्यापाशी भोक होतं, आणि माझ्या वर्गातल्या मुली दाराच्या फटीतून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते जाऊ दे. त्या दिवशी सिस्टरांचा संत जॉर्ज होता, आणि त्यांचा कॅथलिक ईस्टर तर आपल्या आधीच, एक एप्रिललाच उरकला होता. तेव्हा दुपारी जेवणात कोंबडी. सिस्टर मार्तनी, बुटांच्या वादावर पांघरूण म्हणून, झाफिरिसलाही ताट आणलं. मांडी, वरून सॉस. चार दिवसांचा उपाशी माणूस. त्याने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते हळूच बाजूला सारलं. मी म्हटलं, "खा ना, आज संत जॉर्ज आहे." तो म्हणाला, "यांचा असेल. आपला अजून घोड्यावर बसायचाय." मी ते भाषांतर करून सिस्टर मार्तना सांगितलं. त्या बाईला उभ्या आयुष्यात हसताना मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. मग त्यांनी त्याला पाव आणि ऑलिव्ह आणून दिले, आणि त्याने माझ्या ताटातला उकडलेला बटाटा पळवला. कोंबडी मी खाल्ली. आजाऱ्याला माफ असतं.

हा माझा पुरावा. मी त्या दोन ईस्टरांच्या मध्ये वाढले, अनेस्तिस. शाळेत एक, घरी दुसरा. एका जॉर्जला कोंबडी आणि दुसऱ्या जॉर्जला कोकरू. बारा वर्षांची होते म्हणून मला तारखा कळत नव्हत्या असं तू म्हणू नकोस. त्या वयात मला दुसरं काहीच एवढं नीट कळत नव्हतं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मी घरी आले, टाके ओढत. झाफिरिस आधीच परतला होता, आणि त्याचा सार्जंट त्याची वाट बघतच होता. "काय कॉर्पोरल, शहर बघून आलास? बहीण बरी आहे? छान. मग आता संत जॉर्जला बांधावर तू. ज्यांनी रजा खाल्ली त्यांनी कोकरू खायचं नाही." समजलं तुला? तो बांधावर होताच मुळी यासाठी की तो २३ एप्रिलला रजेवर होता! तू ज्या नोंदीने त्याला तिथून हाकललंस, त्याच नोंदीने त्याला तिथे उभं केलं होतं.

त्या दिवसाचं काय सांगू! सगळं गाव छावणीत. कवायतीच्या मैदानावर खड्डे, खड्ड्यांवर सळया, सळयांवर कोकरं, आणि प्रत्येक सळईमागे घामाघूम झालेला एक अधिकारी, कारण त्या दिवशी साहेब फिरवतो आणि शिपाई खातो. ब्रिगेडियर पोरांबरोबर ईस्टरची लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडत होते आणि दर वेळी हरत होते. पोरं म्हणत होती की ते मुद्दाम हरतात, आणि त्यांचा चेहरा बघून वाटत होतं की मुद्दाम अजिबात नाही. सनई, ढोल, बायकांचे नवे कपडे. मी बँडच्या चौथऱ्यावर बसले होते, टाके दुखत होते म्हणून मला नाचायची बंदी होती. वर आभाळ निळं कोरं. पाऊस पडला होता तो तिकडे, बल्गेरियाच्या डोंगरात, बर्फ वितळलं होतं ते तिकडे. इथे नदी नुसती फुगत होती, आवाज न करता.

झाफिरिसकडे चार माणसं होती. खालच्या वस्तीच्या मागचा बांध पाझरायला लागला तेव्हा त्याने पहिल्यांदा नियमाप्रमाणे केलं: हवेत तीन गोळ्या झाडल्या. आणि छावणीतून उत्तर आलं! ईस्टर होता ना. आमच्या बाजूने दहा-बारा गोळ्या, फटाके, आणि कुणीतरी ओरडलं, "अजून एकदा, बांधवाले!" तो पुन्हा तीन झाडतो, आम्ही पुन्हा टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. मग त्याने एका माणसाला खालच्या वस्तीत पळवलं, जिथे सणाला न आलेल्या सगळ्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी होत्या, पहिलं घर तुझ्या आजीचं. आणि उरलेल्या तिघांना घेऊन तो वरच्या अंगाला गेला, छावणीच्या मागे, आणि फावड्याने आपल्याच ब्रिगेडवरचा बांध फोडायला सुरुवात केली. हुकूम नाही, विचारणा नाही. नदीला कुठेतरी जाऊ द्यायचं होतं, आणि तिला जाण्याजोगी मोकळी जागा एकच होती, जिथे त्याच्या वाटणीचं कोकरू भाजलं जात होतं.

पाणी आलं ते आधी निखाऱ्यांवर. एकदम सुस्कारा टाकल्यासारखा आवाज, आणि सगळीकडे पांढरी वाफ. मग किंचाळ्या, मग हसणं, मग पुन्हा किंचाळ्या. मेजर लोक कोकरू सळईसकट खांद्यावर घेऊन पळतायत, मागून चरबी गळतेय. बाकं तरंगतायत. ढोल पाण्यावर तरंगत चालला आणि ढोलवाला त्याच्यामागे कमरेइतक्या पाण्यातून, "थांब, थांब," म्हणत, जणू त्याला ऐकू येतंय. पाद्रीबाबांनी संत जॉर्जची तसबीर डोक्यावर धरलेली. तसबिरीतल्या घोड्याचे खूर तेवढे भिजले. मला कुणीतरी काखोटीला मारून दारूगोळ्याच्या ट्रकवर फेकलं आणि तिथून मी नदी बघितली, अनेस्तिस. बांधाच्या वरच्या कडेला टेकलेली नदी माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली. वीतभर, मग दोन वीत. खालच्या वस्तीची छपरं कोरडी. चिमण्यांतून धूर निघतोय. तुझ्या आजीच्या चिमणीतूनही.

लेफ्टनंट क्लेओमेनिस त्या दिवशी पहाऱ्याचा अधिकारी होता. तो पळत बांधावर गेला, हातात अजून कोकरावर तेल लावायचा कुंचला. झाफिरिस चिखलात उभा. "हे कुणी केलं?" "मी, साहेब." लेफ्टनंटने खाली वस्तीकडे बघितलं, मागे छावणीकडे बघितलं, जिथे ब्रिगेडियरसाहेब गुडघाभर पाण्यात आपल्या टोपीचा शोध घेत होते, आणि म्हणाला, "कॉर्पोरलने सरकारी छावणी बुडवली तर तो गुन्हा. लेफ्टनंटने बुडवली तर तो निर्णय. तेव्हा तू नाही, मी." आणि त्याने कुंचला टाकून फावडं घेतलं. अहवाल त्यानेच लिहिला, ‘माझ्या आदेशानुसार’ असा, आणि ब्रिगेडियरने सही केली. माझ्या भावाला लष्करी न्यायालयापासून वाचवायला दोन भल्या माणसांनी मिळून ते लिहिलं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. क्लेओमेनिस पुढे जनरल झाला, तरी इथे आला की पहिल्यांदा झाफिरिसला शोधायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "हा माणूस मला एक कोकरू देणं लागतो."

झाफिरिसने स्वतः ही गोष्ट कधी सांगितली नाही. लोकांनी विचारलं की म्हणायचा, "पाणी होतं, फावडं होतं." पण छावणीने लक्षात ठेवलं. दर साली संत जॉर्जला, तो जर्मनीत कामाला होता ती वर्षं सोडून, पहिल्या कोकराची पहिली फोड ताटात झाकून आमच्या घरी यायची, आणि ती आणायला नव्यातला नवा अधिकारी पाठवायचा असा शिरस्ता होता. एक्क्याऐंशी साली कोण आला होता ते आठवतं? नव्या कोऱ्या गणवेशात, कानापर्यंत लाल झालेला सेकंड लेफ्टनंट. दारात टाचा जुळवून म्हणालास, "कॉर्पोरल, ब्रिगेडकडून." तो तुला आत ओढून म्हणाला, "ये रे, आधी एक घोट घे, ब्रिगेड वाट बघेल." तू तीन घोट घेतलेस आणि ताट परत न्यायला विसरलास, ते अजून माझ्या कपाटात आहे. मला सांग, कर्नल, दंतकथेला ताट पाठवतात का?

तर हा झाला माझा लेखी पुरावा: पंचांग, पाद्रीबाबा, कोंबडीची मांडी आणि तुझ्याच पानावरची तुझीच कोकरं. ती उपासात भाजता येत नाहीत. एवढ्यावर तू ते पान बदलशील हे मला माहीत आहे, कारण तू हट्टी आहेस, पण प्रामाणिक आहेस. बाप्तिस्म्यातही तू रडला नव्हतास, नुसता रागाने बघत होतास. पान छापखान्यातून काढून आणायचं तुझं तू बघ. पण हे पत्र मी फक्त पानासाठी लिहीत नाहीये, आणि हे फोनवर मला सांगता आलं नाही.

शनिवारी रात्री घरी येताना तो माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. मला वाटलं, रागावलाय. मला बरं वाटलं खरं तर, रागावू दे. गेल्या हिवाळ्यापासून त्याचं थोडं इकडेतिकडे होतंय हे मी कुणाला सांगितलं नाही. सुपात दोनदा मीठ, शेजारणीला तिच्या आईच्या नावाने हाक. पण छावणी, नदी, ती चार माणसं, त्यांची नावं, हे कधी हललं नव्हतं. काल तुला फोन करून मी वळले तर तो दारात उभा. म्हणाला, "अनेस्तिस शिकलेला आहे, आन्थी. त्याने कागद बघितलेत. मी तिथे नसेनच." मी म्हटलं, वेडा आहेस का, आणि त्याला बसवून हे सगळं सांगितलं, तुला आत्ता सांगितलं तसंच, गोळ्या, निखारे, ढोल, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. हसण्याच्या जागी हसला. आणि शेवटी अगदी सभ्यपणे, परक्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "चांगला पोरगा असणार तो कॉर्पोरल." मी बहीण आहे, अनेस्तिस. मी सांगितलेलं त्याला प्रेम वाटतं, आणि तूच म्हणालास ना, प्रेम वेगळं आणि इतिहास वेगळा. त्याला इतिहास हवाय. त्याने उभं आयुष्य ब्रिगेडवर विश्वास ठेवला, आताही तो तिच्यावरच विश्वास ठेवतोय, स्वतःवर नाही. तेव्हा तू त्याला लिही. मला नको, त्याला. ‘कॉर्पोरल झाफिरिस’ असा मायना घालून, ब्रिगेडच्या कागदावर, ब्रिगेडचा शिक्का मारून घे, फाटकावरचा आकडा खरवडण्याआधी. लिही की सोमवार, ७ मे १९५६ रोजी तो बांधावर होता, आणि तो बांध त्याने फोडला. अक्षर मोठं काढ. शनिवारी, २६ तारखेला सकाळी, त्याची मुलगी त्याला श्टुटगार्टला घेऊन जाणार आहे, कायमचा. तिथे हे त्याला पुन्हा पुन्हा सांगायला मी नसेन, पण कागद असेल. म्हणून शुक्रवार, २५ ऑक्टोबर, दुपारी बारा. सकाळच्या वेळी तो सगळ्यात नीट असतो, तेव्हा बाराच्या आत आणि टपालाने नको, स्वतः घेऊन ये, आणि दारात टाचा जुळव. तोंडी काही चालणार नाही.

तुझीच, आणि शुक्रवारच्या बारापर्यंत तरी नक्की तुझीच,
नोना एव्हान्थिया